पानावरच्या बटणानं पायथॉनचा सर्व्हर बंद होईना, उलट जागीच लटकायलाय

मोंढा_काटा, परभणी

नमस्कार मंडळी. मोंढ्यातल्या एका आडतीवरच्या प्लॅटफॉर्म काट्याला छोटा प्रोग्राम जोडलाय. काट्याच्या डिस्प्लेमधून आरएस-२३२ ची वायर, पुढं यूएसबी कन्व्हर्टर, विंडोज १० चा पीसी, पायथॉन ३.११. एक थ्रेड (प्रोग्रामात वेगळं चालणारं काम) पायसिरियल लायब्ररीनं कॉम३ या सिरियल पोर्टवरून वजन वाचतो आणि मुख्य थ्रेडमध्ये पायथॉनचा स्वतःचा एचटीटीपीसर्व्हर ८०८० पोर्टवर चालतो. मुनीम आणि हमालांचा मुकादम दोघं मोबाइलवर वजन बघतात, पावती सीएसव्ही फाइलीत जाते.

सौदे उरकले की पीसीपाशी न जाता पानावरच्या ‘काटा बंद’ बटणानं सगळं नीट बंद व्हावं, एवढंच पाहिजे. हँडलर, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, असा (नावं उच्चाराप्रमाणं लिहिलीत):

डेफ डू_पोस्ट(सेल्फ):
    इफ सेल्फ.पाथ == '/बंद':
        सेल्फ.सेंड_रिस्पॉन्स(२००)
        सेल्फ.एंड_हेडर्स()
        सेल्फ.डब्ल्यूफाइल.राइट(निरोप)
        सेल्फ.सर्व्हर.शटडाउन()

बटण दाबलं की ‘काटा बंद झाला’ ही ओळ मोबाइलवर येते, पण वरचं चक्र फिरतच राहतंय. मग दुसऱ्या मोबाइलवर पान उघडत नाही. पीसीवर कंट्रोल-सी दाबलं तरी ढिम्म, टास्क मॅनेजरमधूनच मारावं लागायलंय. आणि न मारता कुणी प्रोग्राम परत चालू केला तर ८०८० बद्दल काहीच चूक येत नाही. फक्त कॉम३ ला ‘ॲक्सेस नाकारला’ येतं आणि पान कधी उघडतं, कधी नाही.

शटडाउनच्या जागी सिस.एक्झिट() टाकलं तर पान बंद होतं, पण पायथॉन टास्क मॅनेजरात तसाच दिसतो. ओएस._एक्झिट(०) नं झटक्यात बंद होतंय, पण सीएसव्हीतल्या शेवटच्या दोन-चार पावत्या गायब. नेमकं कुठं चुकायलंय?

दुधना, जालना

भाऊ, शटडाउन बरोबरच आहे. ते जिथून बोलावलंय ती जागा चुकली.

एचटीटीपीसर्व्हर ज्यावर उभाय त्या सॉकेटसर्व्हरच्या सोर्समधलं सर्व्ह_फॉरएव्हर उघडून बघा, वीसेक ओळींचं प्रकरण आहे. आत एक व्हाइल लूप. थांबायचा झेंडा लागलाय का बघतो, नवीन कनेक्शनसाठी जास्तीत जास्त अर्धा सेकंद थांबतो, काही आलं असलं तर हँडलर चालवतो, परत वर. लूप संपला की फायनलीमध्ये ‘मी थांबलो’ असा एक इव्हेंट सेट करतो.

शटडाउन() दोन कामं करतं. थांबायचा झेंडा लावतं, आणि मग तो ‘मी थांबलो’ इव्हेंट येईपर्यंत तिथंच वाट बघत उभं राहतं. साध्या एचटीटीपीसर्व्हरमध्ये हँडलर त्याच लूपच्या पोटात चालतो. म्हणजे काट्यावर गाडी उभी आहे, ड्रायव्हरला सांगितलंय की काटा बंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि काटेवाल्याला सांगितलंय की गाडी उतरल्याशिवाय काटा बंद करायचा नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि काम ठप्प. पायथॉनच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की सर्व्ह_फॉरएव्हर दुसऱ्या थ्रेडमध्ये चालू असतानाच शटडाउन बोलवा, नाहीतर डेडलॉक (एकमेकांची वाट बघत दोघं अडकणं) होईल.

कंट्रोल-सी का लागत नाही? मुख्य थ्रेड इव्हेंटच्या वेटमध्ये मुदतीशिवाय अडकलाय, आणि विंडोजवर असा वेट कंट्रोल-सीनं मोडत नाही. लिनक्सवर मोडतो, म्हणून तिथं हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही.

दुरुस्ती एका ओळीची:

थ्रेडिंग.थ्रेड(टार्गेट=सेल्फ.सर्व्हर.शटडाउन).स्टार्ट()

शटडाउननंतर कंस नाहीत, हे दोनदा बघा. टार्गेट=सेल्फ.सर्व्हर.शटडाउन() लिहिलं तर थ्रेड बनायच्या आधीच, त्याच जागी शटडाउन चालतं आणि परत तोच डेडलॉक. बरेच जण इथंच अडकतात. नवा थ्रेड वाट बघत उभा राहतो, हँडलर आपलं काम संपवून बाहेर पडतो, लूप वर जाऊन झेंडा बघतो आणि थांबतो.

आता ते फिरणारं चक्र. तुमचा सर्व्हर मुळात एचटीटीपी १.० बोलतो आणि तुम्ही कंटेंट-लेंग्थ पाठवत नाही. मग उत्तर संपलं हे ब्राउझरला कनेक्शन तुटल्यावरच कळतं. तुमचा हँडलर कनेक्शन सोडतच नाही, म्हणून मजकूर दिसतो आणि चक्र फिरतं. लेंग्थ द्या, पण बाइटमध्ये मोजून द्या. ‘काटा बंद झाला’ ही पायथॉनच्या हिशेबानं १३ अक्षरं, पण यूटीएफ-८ मध्ये ३५ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. स्ट्रिंगची लांबी टाकली तर मोबाइलवर पहिल्या १३ बाइटांचं ‘काटा’ एवढंच येईल, बाकी ब्राउझर टाकून देईल. आधी एन्कोड करा, मग लांबी मोजा.

हँडलरचा शेवट असा:

मजकूर = 'काटा बंद झाला'.एन्कोड('यूटीएफ-८')
सेल्फ.सेंड_रिस्पॉन्स(२००)
सेल्फ.सेंड_हेडर('कंटेंट-टाइप', 'टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८')
सेल्फ.सेंड_हेडर('कंटेंट-लेंग्थ', स्ट्र(लेन(मजकूर)))
सेल्फ.सेंड_हेडर('कनेक्शन', 'क्लोज')
सेल्फ.एंड_हेडर्स()
सेल्फ.डब्ल्यूफाइल.राइट(मजकूर)
थ्रेडिंग.थ्रेड(टार्गेट=सेल्फ.सर्व्हर.शटडाउन).स्टार्ट()

थ्रेडच नको असेल तर सर्व्ह_फॉरएव्हर सोडा आणि मुख्य प्रोग्रामात ‘व्हाइल नॉट बंद_करायचं: सर्व्हर.हँडल_रिक्वेस्ट()’ लिहा. हँडलरनं फक्त तो झेंडा ट्रू करायचा. एका वेळी एकच रिक्वेस्ट असेल तर यात बिघडण्यासारखं फार काही नाही. बेससर्व्हरच्या आतला दोन अंडरस्कोरवाला झेंडा बाहेरून ओढून लावायची युक्तीही फिरत असते. चालते, पण ते त्यांचं खाजगी नाव आहे. मी वापरणार नाही.

तेरणा, धाराशिव

वरचं उत्तर बरोबर आहे, पण मोबाइलवर क्रोम असेल तर तेवढ्याने भागणार नाही.

क्रोम पुढे लागेल म्हणून एखादं जादा कनेक्शन आधीच उघडून ठेवतो आणि त्यावर काहीच पाठवत नाही. एका थ्रेडचा एचटीटीपीसर्व्हर ते कनेक्शन स्वीकारतो आणि पहिल्या ओळीची वाट बघत बसतो. तिथे डिफॉल्ट मुदत नाही. तुमच्या मदतनीस थ्रेडने झेंडा लावला तरी तो बघायला लूप वर यायलाच तयार नसतो. बटण कधी चालतं, कधी नाही, असं दिसलं तर शंभर टक्के हेच. पायथॉन ३.७ मध्ये थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर आणला तो याच कारणासाठी.

तेव्हा दोन गोष्टी करा. एचटीटीपीसर्व्हरच्या जागी थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर घ्या, आणि हँडलर क्लासमध्ये वरच ‘टाइमआउट = ५’ लिहा. पाच सेकंद गप्प बसलेलं कनेक्शन मग आपोआप सुटतं.

थ्रेडिंगवाल्या सर्व्हरमध्ये हँडलर वेगळ्या थ्रेडमध्ये असतो, त्यामुळे सेल्फ.सर्व्हर.शटडाउन() सरळ बोलावलं तरी डेडलॉक होत नाही. मदतनीस थ्रेड ठेवला तरी नुकसान नाही, आणि उद्या कुणी सर्व्हरचा प्रकार बदलला तर कोड तसाच चालेल. मी ठेवायला सांगेन.

पण इथे वेगळा खड्डा आहे. या क्लासमध्ये डीमन_थ्रेड्स ट्रू असतं, म्हणजे मुख्य थ्रेड संपला की प्रोग्राम हँडलरांसाठी थांबत नाही. शटडाउन आधी आणि उत्तर नंतर लिहिलंत, तर मुनीमाच्या हातात अर्धवट पान किंवा ‘कनेक्शन रीसेट’ येईल. उत्तर आधी, शटडाउन शेवटी. चालू रिक्वेस्ट पूर्ण झाल्याच पाहिजेत असं असेल तर सबक्लासमध्ये डीमन_थ्रेड्स = फॉल्स करा. मग सर्व्हर_क्लोज() सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबतं. त्यासाठीच वरचा टाइमआउट हवा, नाहीतर क्रोमचं तेच रिकामं कनेक्शन आता इथे अडवेल. आणि डीमन_थ्रेड्स फॉल्स असताना सर्व्हर_क्लोज() हँडलरच्या आतून बोलावू नका. तो थ्रेड स्वतःचीच वाट बघायला जातो आणि ‘चालू थ्रेडला जॉइन करता येत नाही’ अशी रनटाइमएरर मिळते.

सिस.एक्झिट()चं म्हणाल तर ते फक्त सिस्टिमएक्झिट हे अपवाद फेकतं. साध्या सर्व्हरमध्ये ते मुख्य थ्रेडमधून वर जातं, म्हणून लूप तुटला. थ्रेडिंगवाल्यात तो अपवाद फक्त त्या एका हँडलरचा थ्रेड संपवतो, तोही गुपचूप. सर्व्हर चालूच राहतो. एकाच ओळीचे दोन अर्थ होतात, म्हणून ती ओळ हँडलरमध्ये नकोच.

मोंढा_काटा, परभणी

थ्रेडिंगवाला घेतला, टाइमआउट ५ टाकला, उत्तर आधी पाठवलं. चक्र थांबलं, लूपमधून बाहेर येतंय हे प्रिंट टाकून बघितलं. पण प्रोग्राम अजून जात नाही, काळी खिडकी उघडीच. आणि ते दोनदा चालू होण्याचं काय?

दुधना, जालना

खिडकी उघडी राहते ती वजन वाचणाऱ्या थ्रेडमुळं. पायथॉन बंद होताना प्रत्येक बिगर-डीमन थ्रेड संपायची वाट बघतो. सिस.एक्झिट() नंतर प्रोसेस शिल्लक राहत होती तीही याचमुळं. तुमचा सिरियल बहुतेक टाइमआउटशिवाय उघडलाय, मग काट्याकडून ओळ येईपर्यंत रीडलाइन सुटत नाही. काटाच बंद केला असेल तर ओळ येणारच नाही.

पोर्ट टाइमआउट=१ देऊन उघडा. एक थ्रेडिंग.इव्हेंट करा, नाव समजा ‘थांबा’. वाचणारा लूप ‘व्हाइल नॉट थांबा.इज_सेट()’ वर चालवा. टाइमआउटला रिकामे किंवा अर्धवट बाइट परत येतात, ते वजन म्हणून धरू नका. ओळ पूर्ण आली का तपासा, नाहीतर ५२.४० क्विंटलच्या जागी ५२ छापलं जाईल आणि मोंढ्यात त्यावरून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

थ्रेडला डीमन करून मोकळं होता येतं, पण मग तो कुठल्याही ओळीवर मध्येच कापला जातो. पावती लिहिणारा थ्रेड तसा कापू नये.

मुख्य प्रोग्रामाचा शेवट या क्रमानं:

ट्राय:
    सर्व्हर.सर्व्ह_फॉरएव्हर()
फायनली:
    सर्व्हर.सर्व्हर_क्लोज()
    थांबा.सेट()
    वाचक.जॉइन(३)
    कॉम.क्लोज()
    पावत्या.क्लोज()

आधी दार बंद, म्हणजे नवीन पावती येणार नाही, मग वाचक, मग पोर्ट, फाइल सगळ्यात शेवटी. शटडाउन फक्त लूप थांबवतं, ऐकणारं सॉकेट बंद करत नाही, ते काम सर्व्हर_क्लोज()चं. ओएस._एक्झिट यातलं काहीच करत नाही. फायनली नाही, ॲटएक्झिट नाही, फाइलीचा बफर डिस्कवर टाकणं नाही. म्हणून शेवटच्या पावत्या गेल्या. लाईट गेल्यावरही तेच होईल, तेव्हा प्रत्येक पावतीनंतर फ्लश आणि ओएस.एफसिंक करा. दिवसाला काही शे पावत्यांना त्याचा भार जाणवतही नाही.

दोनदा चालू होण्याचं कारण अगदी वेगळं. पायथॉनचा एचटीटीपीसर्व्हर अलाउ_रीयूज_ॲड्रेस चालू ठेवूनच येतो. लिनक्सवर त्याचा अर्थ एवढाच, की नुकत्याच बंद झालेल्या पोर्टवर परत लगेच बसता येतं. विंडोजवर त्याच पर्यायानं दुसरा प्रोग्राम चालू पोर्टवरच येऊन बसू शकतो, आणि कुठली रिक्वेस्ट कुणाकडं जाईल याचा भरवसा नाही. एक लटकलेला, एक जिवंत, म्हणून पान कधी उघडतंय, कधी नाही. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ दिलंत तर ८०८० समोर दोन वेगळे पीआयडी (प्रोसेसचे नंबर) दिसतील.

सबक्लास करून विंडोजसाठी अलाउ_रीयूज_ॲड्रेस = फॉल्स ठेवा. मग दुसरी प्रत चालू करताच १००४८ नंबरची (पोर्ट आधीच वापरात) चूक येऊन थांबेल, आणि ते बरंच आहे. कॉम३ वर चूक आली कारण विंडोज सिरियल पोर्ट एका वेळी एकालाच उघडू देतं. नशीब की ते तरी अडवत होतं.

पूर्णाकाठ, हिंगोली

याच धाग्यात विचारतो. फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये असंच करायचं तर? जुन्या उत्तरांमधला ‘वर्कझुग.सर्व्हर.शटडाउन’ वाला तुकडा टाकला तर ‘वर्कझुग सर्व्हरवर चालू नाही’ अशी रनटाइमएरर यायलीय. चालू तर त्याच्यावरच आहे.

बिंदुसरा, बीड

तो तुकडा आता मेलाय. वर्कझुग म्हणजे फ्लास्कच्या खालची सर्व्हरवाली लायब्ररी. तिच्या २.० मध्ये ती सोय जुनी ठरवली आणि २.१ मध्ये, म्हणजे २०२२ साली, काढून टाकली. एन्व्हायर्नमध्ये (रिक्वेस्टची माहिती ठेवणारी डिक्शनरी) ती किल्लीच नसते, म्हणून गेट() नन देतं आणि तुकड्यातलीच ती एरर फेकली जाते. तिच्या शब्दांवर जाऊ नका.

स्वतः सर्व्हर धरून ठेवा. वर्कझुग.सर्व्हिंग मधलं मेक_सर्व्हर('१२७.०.०.१', ५०००, ॲप, थ्रेडेड=ट्रू) घ्या, सर्व्ह_फॉरएव्हर() चालवा आणि राउटमधून वरचीच मदतनीस थ्रेडची ओळ वापरा. थ्रेडेड विसरू नका. ॲप.रन() मध्ये ते मुळात चालू असतं, मेक_सर्व्हरमध्ये बंद असतं. म्हणजे एकातून दुसऱ्यात आलात आणि राउटमधून सरळ शटडाउन बोलावलंत की पहिल्या पोस्टमधला डेडलॉक जसाच्या तसा. इथं सेल्फ.सर्व्हर मिळत नाही, सर्व्हरचा व्हेरिएबल राउटला दिसेल असा ठेवा.

नुसतं ॲप.रन() ठेवायचं असेल तर सिग्नल.रेझ_सिग्नल(सिग्नल.सिगइंट), पायथॉन ३.८ पासून आहे. कंट्रोल-सी दाबल्यासारखंच होतं, आणि सिग्नलचं पायथॉनमधलं काम मुख्य थ्रेडमध्येच चालतं, त्यामुळं हँडलर कुठल्या थ्रेडात आहे याचा फरक पडत नाही. विंडोजवर ओएस.किल(ओएस.गेटपीआयडी(), सिग्नल.सिगटर्म) मात्र टाळा. नाव सिगटर्मचं (‘नीट बंद हो’ सांगणारा सिग्नल) असलं तरी विंडोज सरळ प्रोसेस मारतं, फायनली चालत नाही.

गनिकॉर्न (अनेक वर्कर प्रोसेस चालवणारा वेगळा सर्व्हर) असेल तर प्रश्नच बदलतो. (विंडोजवर तो चालतच नाही, लिनक्सवाल्यांसाठी लिहितो.) तुमचा हँडलर वर्करमध्ये असतो, मालक वेगळी मास्टर प्रोसेस. वर्करनं स्वतःला मारलं की मास्टर लगेच नवा वर्कर उभा करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बटण चालतच नाही. सिगटर्म मास्टरला द्यावा लागतो: ओएस.किल(ओएस.गेटपीपीआयडी(), सिग्नल.सिगटर्म). चालू रिक्वेस्ट संपवायला तो मुळात ३० सेकंद देतो. पण हीच ओळ घरी नुसत्या फ्लास्कखाली चालवली तर वडील प्रोसेस म्हणजे तुमचं टर्मिनलचं शेल असतं, निरोप त्याला जातो. ही ओळ फक्त गनिकॉर्नखालीच चालेल अशी अट घाला.

त्याच्यावर सिस्टिमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू-बंद ठेवणारा) असेल आणि युनिटमध्ये रीस्टार्ट=ऑलवेज लिहिलं असेल, तर तुम्ही कितीही नीट बंद करा, तो परत उठवणार. ऑन-फेल्युअर करा. शून्य कोडनं किंवा सिगटर्मनं बंद झालेलं तो बिघाड धरत नाही.

युव्हिकॉर्न हा पायथॉनचा आणखी एक वेब सर्व्हर, तो सोपा आहे. सर्व्हर = युव्हिकॉर्न.सर्व्हर(कॉन्फिग) असा हातात ठेवा आणि हँडलरमध्ये सर्व्हर.शुड_एक्झिट = ट्रू. तो फक्त झेंडा आहे, वाट बघणं नाही, म्हणून डेडलॉक नाही. लांब चालणारी रिक्वेस्ट असेल तर टाइमआउट_ग्रेसफुल_शटडाउनला आकडा द्या, नाहीतर ती संपेपर्यंत तो थांबून राहतो.

तेरणा, धाराशिव

@मोंढा_काटा, एक राहिलं. बटण पोस्टवरच आहे ते बरं. गेट रिक्वेस्टवर (नुसती लिंक उघडली की जाते ती) कधी आणू नका. लिंक कुणी व्हॉट्सॲपवर टाकली आणि बघायला म्हणून उघडली तरी काटा बंद.

पण पोस्टही पुरेसा नाही. त्याच मोबाइलवर उघडलेलं दुसरं कुठलंही पान तुमच्या पत्त्यावर गुपचूप फॉर्म पाठवू शकतं. प्रोग्राम सुरू होताना सीक्रेट्स.टोकन_यूआरएलसेफ() ने टोकन (अंदाज न येणारी गुप्त ओळ) काढा, पानात ठेवा, आणि बटणाने ते स्वतःच्या वेगळ्या हेडरमध्ये पाठवावं. परक्या पानाचा फॉर्म असं हेडर लावू शकत नाही. स्क्रिप्टने लावायला गेला तर ब्राउझर आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवतो, तुमच्याकडे डू_ऑप्शन्स नाही, ५०१ (ही रिक्वेस्ट इथे चालत नाही) मिळतं आणि गाडी तिथेच थांबते. टोकन जुळवताना हमॅक.कम्पेअर_डायजेस्ट वापरा.

मोंढा_काटा, परभणी

क्रम लावला, वाचक एका सेकंदात सुटायलाय, खिडकी आपोआप जातेय. दुसरी प्रत चालू केली तर १००४८. सगळ्यांचे आभार.

टोकन पानातच असेल तर वायफायवरचा कुणीही पान उघडून बटण दाबू शकतोच की? हमालांच्या पोरांकडं बी पासवर्ड आहे.

तेरणा, धाराशिव

हो, दाबू शकतो. टोकन परक्या पानांसाठी आहे, आडतीतल्या माणसांसाठी नाही. त्यांच्यासाठी बटणावर चार आकडी पिन विचारा, आणि सर्व्हरवर पाच चुकीच्या पिननंतर दहा मिनिटं ‘/बंद’ला ४२९ (फार वेळा विचारलं) द्या. ही मोजणी एका लॉकखाली ठेवा, आता हँडलर अनेक थ्रेडांत चालतात.